खसखशीएवढी टेकडी

"भाऊजी, दोन जण गळालेत. येताय का? आत्ताच्या आत्ता सांगा," मेव्हणा फोनवर म्हणाला आणि कंटूररावांनी "हो" म्हणून टाकलं. मग "कुठे?" असंही विचारलं, पण ते केवळ रीत म्हणून. कुठे ते त्यांना गेली सव्वीस वर्षं ठाऊक होतं. मेव्हणा दरवर्षी दहाबारा माणसं घेऊन डोंगरात जायचा. यंदा तो त्या खिंडीत जाणार आहे हे कळल्यापासून कंटूरराव फोनपासून तीन फुटांच्या आतच वावरत होते.

कंटूरराव हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, ते नकाशा कार्यालयानं ठेवलं होतं. नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडत जाणाऱ्या बारीक तपकिरी रेषा असतात, त्या काढण्यातच त्यांची आजवरची नोकरी गेली होती. हजारो डोंगर त्यांच्या बोटांखालून गेले होते. स्वतः ते तळमजल्यावर राहत आणि आयुष्यात सर्वांत उंच पोचले होते ते कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर, तेही लिफ्टनं.

सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी त्या खिंडीचं नकाशापत्रक काढलं होतं. खिंडीचा तळ चार हजार सातशे शहाण्णव मीटर. पण मोजणीदाराच्या वहीत एक जादा ओळ होती : 'मध्यभागी लहान उंचवटा, ४८०३.' म्हणजे अठ्ठेचाळीसशेची रेषा त्या उंचवट्याभोवती एकदा फिरायला हवी. कंटूररावांनी ती फिरवली. नकाशावर खसखशीच्या दाण्याएवढं एक कडं झालं. ते इतकं सुबक झालं होतं की त्यांनी ते दोनदा भिंगातून पाहिलं.

मोठ्या साहेबांनी एकदाच पाहिलं. "हे काय? शाईचा डाग?"

"उंचवटा आहे, साहेब. वहीत नोंद आहे."

"एकच नोंद? अहो, त्या उंचीवर हवा विरळ असते. मेंदूपर्यंत पोचत नाही. अशा माणसाला उंचवटे दिसतात, तळी दिसतात, एखाद्याला तर सासूही दिसते. खरवडा."

कंटूररावांनी पात्यानं ते कडं खरवडलं. पत्रक छापलं गेलं आणि साहेब यथावकाश निवृत्त झाले. कंटूररावांच्या मनात मात्र ती खसखस दाताच्या फटीत अडकावी तशी अडकून बसली. उंचवटा आहे की नाही हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यातही मेख अशी, की ते पाहताना डोकं ठिकाणावर हवं. विरळ हवेनं गरगरलेल्या माणसाचं पाहणं हिशेबात धरत नाहीत, हा निकाल साहेबांनी देऊन ठेवलेलाच होता. म्हणजे नुसतं वर पोचून भागणार नव्हतं, शुद्धीवर पोचायला हवं होतं.

"उंचीची सवय कशी करायची ते सांग," ते मेव्हण्याला म्हणाले.

मेव्हणा तेव्हा कुठल्याशा रस्त्यावर होता आणि त्याचा आवाज तुटत होता. "घाई नाही करायची... पाणी भरपूर... आणि मुख्य नियम एकच, भाऊजी. वर चढायचं, खाली झोपायचं! एवढं पाळलं की..." आणि फोन बंद पडला.

कंटूररावांनी वहीत लिहिलं : 'वर चढणे. खाली झोपणे.' खाली दोन रेघा मारल्या. निघायला पाच आठवडे होते. ते त्याच दिवसापासून नियम पाळू लागले.

वर चढण्यासाठी इमारतीला सात मजले होते आणि त्यावर गच्ची होती. गच्चीला कुलूप होतं आणि कुलपाला सेक्रेटरी होते. सेक्रेटरींनी छापील अर्ज पुढे केला. गच्चीवर जाण्याचं कारण : कपडे वाळत घालणे, टाकीदुरुस्ती, इतर. कंटूररावांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं : 'उंचीशी जुळवून घेणे.'

सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं. "कुणाच्या उंचीशी?"

"म्हणजे?"

"तुमचं कुणाशी बिनसलंय का? जुळवून घ्यायचं असेल तर ते खाली ऑफिसात बसून घेऊ. गच्चीवर भांडणं नकोत."

तिसऱ्या दिवशी किल्ली मिळाली. तोवर सगळ्या इमारतीला बातमी लागली होती आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी सल्ला घेऊन उभं होतं. पाचव्या मजल्यावरचे बँडमास्तर म्हणाले, की प्रश्न छातीच्या भात्याचा आहे, पायांचा नव्हेच, आणि त्यांनी आपलं जुनं ट्रम्पेट कंटूररावांच्या हातात ठेवलं. रोज पाव तास फुंकायचं. पहिल्या दिवशी कंटूररावांनी बाथरूमचं दार लावून, तोंड लाल करून फुंकलं. जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्यांनी प्लंबरला बोलावलं.

सातव्या मजल्यावरच्या काकूंनी तर त्यांना दारातच अडवलं. "कशाला जिने चढताय? आमच्याकडे येऊन राहा की आठवडाभर. इथली हवा निराळीच. खालची माणसं आमच्याकडे आली की दोन मिनिटं बोलूच शकत नाहीत."

ती माणसं लिफ्ट बंद असते म्हणून बोलू शकत नाहीत, हे कंटूररावांना सांगायचं होतं. पण तेही सात मजले चढून आले होते, त्यामुळे बोलू शकले नाहीत. काकूंनी विजयी मुद्रेनं त्यांना पाणी दिलं.

वास्तविक सातव्या मजल्याची उंची एकवीस मीटर. त्या उंचीवरची हवा आणि तळमजल्यावरची हवा यांतला फरक रक्ताला कळत नाही. तो फक्त काकूंना कळतो. जिने चढून पाय तयार होतात, दम वाढतो, हे चांगलंच. पण विरळ हवेशी शरीराची ओळख विरळ हवेतच होते. तिथे श्वास आपोआप जलद होतो, मूत्रपिंडं जादा काम करू लागतात, रक्त हळूहळू नव्या हिशेबाला लागतं, आणि या सगळ्याला दिवस द्यावे लागतात. ही माहिती कंटूररावांच्या घरातच उपलब्ध होती, कारण त्यांची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. सारी इमारत तिला बाई म्हणायची आणि कंटूररावही चारचौघांत बाईच म्हणत. परंतु बाईंना विचारायचं त्यांना सुचलं नाही. शिवाय त्या दिवसांत बाई त्यांच्याशी जरा जपूनच बोलत होत्या.

कारण कंटूरराव खाली झोपत होते. चांगला पलंग सोडून जमिनीवर, सतरंजीवर. पहिल्या दिवशी काही न बोलता त्यांनी आपली उशी उचलली होती आणि बाईंनी ते पाहिलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी कंटूरराव फरशीवरून टप्प्याटप्प्यानं उठत असताना बाई चहाचा कप घेऊन समोर येऊन बसल्या.

"हे बघा, मी पाच दिवस विचार करतेय. तुमच्या बहिणीला मी बोलले ते चुकलं असेल. मी फोन करून तसं सांगितलंय तिला."

"काय बोललीस?"

"ते नसेल तर पडद्यांचं असेल. तुम्हाला हिरवे नको होते, मी हिरवे आणले. बदलून आणते. पण असं रुसून खाली झोपू नका. या वयात शोभत नाही, आणि कण्हता किती!"

"रुसून?" कंटूररावांची कंबर अर्ध्यावर अडकली होती, त्यामुळे त्यांना वाकूनच बोलावं लागलं. "अगं, नियम आहे तो! तुझ्याच भावानं सांगितलाय. वर चढायचं, खाली झोपायचं."

बाईंनी कप खाली ठेवला. मग तोंडाला पदर लावला. खांदे हलू लागले तेव्हा कंटूररावांना वाटलं रडतायत. पदर बाजूला झाल्यावर कळलं, की तसं काही नव्हतं.

"अहो, खाली म्हणजे डोंगराच्या खाली! दिवसा उंचावर जाऊन यायचं आणि झोपायला खालच्या मुक्कामावर उतरायचं, म्हणजे शरीराला वरची चव मिळते आणि रात्री विसावा मिळतो. खाली म्हणजे फरशीवर नव्हे!" त्यांनी डोळे पुसले. "आणि मी तुमच्या बहिणीची माफी मागून बसले!"

कंटूररावांनी शक्य तितकं ताठ होत म्हटलं, "फरशीही पलंगापेक्षा दीड फूट खालीच आहे."

"ती दुसरी जागा कुणाला दिली का त्यानं?" बाईंनी विचारलं.

"कुठली?"

"दोन जण गळाले म्हणालात ना? मी येतेय. तुम्हाला एकट्याला पाठवलं तर तुम्ही आणखी काय काय ऐकाल सांगता येत नाही."

कंटूरराव वरकरणी गंभीर राहिले. पण त्या संध्याकाळी ते गच्चीवर दोनदा चढून आले.

आता रजेचं काम राहिलं होतं. अर्जाला रोजचा कार्यक्रम जोडायचा होता. त्यात मेव्हण्यानं पाचव्या आणि आठव्या दिवसापुढे लिहिलं होतं : 'विश्रांती. विशेष काही करायचे नाही.' अधीक्षकांनी लाल पेन्सिलीनं नेमके तेच दोन दिवस कापले.

"साहेब, तेच दिवस महत्त्वाचे आहेत."

"काही करायचं नाही असं तुम्हीच लिहिलंय. काही न करण्यासाठी रजा कशाला? ते इथं कामावर राहून करता येतं."

"पण शरीराला वेळ द्यावा लागतो. एकदम चढलं तर डोकं दुखतं, मळमळतं, फुफ्फुसात पाणीसुद्धा होतं. तीन हजारांच्या वर झोपायची जागा रोज फार तर तीनचारशे मीटर चढवायची, आणि मधून मधून एक दिवस..."

"कंटूर, तुम्ही उद्या म्हणाल, घरून ऑफिसात आल्यावर एक दिवस बसून शरीराला वेळ द्यायचा."

निम्मा विभाग तेच करत होता.  कंटूरराव जड पावलांनी घरी आले आणि आता खिंड हुकली असं बाईंना सांगितलं. बाईंनी कागद पाहिला, दोन्ही दिवसांपुढची ओळ खोडली आणि तिथे आपल्या शाळकरी अक्षरात लिहिलं : 'उंची-समायोजन.'

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी तो शब्द पाहिला आणि चष्मा वर केला. "समायोजन! अहो, मग आधीच सांगायचं. समायोजनाला कोण नाही म्हणतंय?" आणि त्यांनी सही केली. कंटूरराव जिन्यानं खाली आले, एकेका ढांगेत दोन दोन पायऱ्या उतरत. छप्पन्नाव्या वर्षी हे करू नये, पण काही दिवस असे असतात.

डोंगरात पोचल्यावर कंटूररावांच्या उत्साहाला काही सुमारच राहिला नाही. दर शंभर मीटरला ते थांबून जाहीर करत, "ही बघा बत्तीसशेची रेषा! या दगडावरून जाते." बाकीचा दहा जणांचा गट आदरानं दगडाकडे पाही. पाच आठवडे तयारी केलेला एकमेव माणूस म्हणून त्यांना आपोआप मान मिळाला होता. कुणी विचारी, पाणी किती प्यायचं? कंटूरराव सांगत. कुणी विचारी, सारखं बाहेर का जावं लागतं? कंटूरराव म्हणत, मूत्रपिंडं समायोजन करतायत. त्यांनी हळू चालायला सांगितलं की सगळे हळू चालत. त्यांनी नाकानं श्वास घेतला की सगळे नाकानं घेत. मेव्हणा हसून म्हणाला, "भाऊजी, गट माझा आहे ना?"

पाचव्या दिवसाची विश्रांती यथासांग पार पडली. सातव्या दिवशी ते शेवटच्या तळावर पोचले. उंची त्रेचाळीसशे, खिंड समोर दिसत होती. आणि तंबू लावताना कंटूररावांच्या कपाळात, दोन्ही भुवयांच्या बरोबर मध्ये, कुणी तरी पेन्सिलीचं टोक दाबल्यासारखं दुखू लागलं.

त्यांनी ते लपवलं. इथवर येऊन परत पाठवलं तर? मेव्हणा प्रत्येकाला तपासत फिरत होता. त्यानं काठीनं मातीत एक रेघ मारली. "भाऊजी, हिच्यावरून चाला. टाचेला अंगठा लावून."

कंटूरराव व्यवस्थित चालले. टोकाला पोचून वळून म्हणाले, "माझा तोल ठीक आहे. तुझी रेघ वाकडी आहे."

"डोकं दुखतंय?"

"छे!"

"यांनी चहा नको म्हटलाय," तंबूतून बाईंचा आवाज आला.

मेव्हण्याचा चेहरा बदलला. भाऊजींना तो वीस वर्षं ओळखत होता. भाऊजींनी चहा नको म्हणणं ही आजवर घडलेली गोष्ट नव्हती.

"भूक नाही, डोकं धरलंय, आणि खोटं बोलतायत," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. स्वतः त्या, पाच आठवड्यांत एकही जिना न चढता आलेल्या, दुसऱ्यांदा वाढून घेऊन जेवत होत्या. निसर्ग याबाबतीत तयारी पाहत नाही. कुणाला उंची लागेल आणि कुणाला नाही, हे दंडावरून वा जिन्यांवरून ठरत नाही. कंटूररावांना हे पुस्तकी सत्य म्हणून मान्य होतं. पण ते सत्य समोर बसून भात खात आहे हे त्यांना सोसवत नव्हतं.

"मी खाली जाणार नाही," ते म्हणाले. "समोर आहे खिंड. रांगत जाईन."

"जा की," बाई शांतपणे म्हणाल्या. "रांगत जा, डोकं धरून. तिथे तुम्हाला उंचवटा दिसेल. मग घरी येऊन सांगा, मी पाहिला. तुमचे मोठे साहेब काय म्हणतील?"

 साहेब काय म्हणतील ते कंटूररावांना शब्दशः माहीत होतं. सासूसकट.

"उजेड आहे तोवर उतरू," बाईंनी ताट पुसलं. "उद्या समायोजनच आहे ना? डोकं उतरलं तर दुपारपर्यंत वर येऊ. नाही उतरलं, तर तसेच आणखी खाली जाऊ, आणि मी एक शब्द ऐकणार नाही."

दोघं चारशे मीटर खाली, आदल्या मुक्कामावर उतरली. सोबत मेव्हण्याचा एक जाणता वाटाड्या होता. सकाळी कंटूरराव जागे झाले आणि हालचाल न करता पडून राहिले, जणू हललं तर दुखणं जागं होईल. मग त्यांनी हळूच मान वळवली. काही नाही. डाव्या बाजूला वळवली. काही नाही.

"चहा आहे का?" त्यांनी विचारलं.

 बाईंनी आधी थर्मासचं झाकण फिरवलं. "एकोणतीसचा पाढा म्हणा."

"आता?"

"आता. डोकं स्वच्छ आहे हे मला कळायला हवं."

"एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." कंटूररावांनी तो थेट दोनशे नव्वदपर्यंत म्हटला आणि तीन कप चहा घेतला.

दुपारी दोघं पुन्हा शेवटच्या तळावर पोचली आणि नवव्या दिवशी सकाळी गट खिंडीकडे निघाला. बाई दर अर्ध्या तासाला पाढा म्हणायला लावत होत्या. मागच्यांना वाटलं हाही उपायच असावा. थोड्याच वेळात डोंगराच्या उतारावर बारा माणसं धापा टाकत एकोणतीसचा पाढा म्हणत होती, आणि सातीपाशी तिघांचा वाद चालला होता.

खिंडीत वारा होता, लख्ख ऊन होतं. गट फोटो काढायला दगडांच्या ढिगाशी धावला. म्हणजे धावायचा विचार केला आणि चालत गेला. कंटूरराव धावले नाहीत. ते खिंडीच्या मधोमध उभे राहिले, त्यांनी डोळे मिटले, "एकोणतीस साती दोनशे तीन," असं स्पष्ट म्हटलं, आणि डोळे उघडले.

डाव्या हाताला, साठ पावलांवर, एक टेकडी होती.

टेकडी म्हणणं धाडसाचं. दोन मजली घराएवढा, खडीचा, गवताचं एक पातंही नसलेला, कुणीही ज्याचा फोटो काढणार नाही असा ढीग. मोजणीदार इथं उभा राहिला होता. त्यानं पाहिलं होतं ते खरं होतं. कंटूररावांना ओरडायचं होतं, "आहे! आहे!" पण ओरडायला लागते तेवढी हवा तिथे नव्हती. त्यांनी नुसता बाईंचा हात घट्ट धरला.

"दिसतेय मलाही," बाई म्हणाल्या. "माझंही डोकं ठीक आहे."

"भाऊजी, दहा मिनिटांत उतरायचं!" मेव्हणा लांबून म्हणाला. "ढग येतायत."

दहा मिनिटं. कंटूरराव ढिगाच्या पायथ्याशी गेले. त्यांनी आपल्या बाटलीतलं अर्धं पाणी पिऊन टाकलं आणि बाटली आडवी डोळ्यांसमोर धरली. पाण्याची पातळी उतारावर जिथे टेकते ती जागा आपल्या डोळ्याइतक्या उंचीची, म्हणजे एक मीटर साठ. तिथवर चढायचं, पुन्हा बघायचं, पुन्हा चढायचं, वर आणखी निम्मं. झाले चार मीटर. शहाण्णव आणि चार. ते थांबले. त्यांच्या बुटांखाली अठ्ठेचाळीसशेची रेषा होती.

मग ते तिच्यावरून चालू लागले. वर नाही, खाली नाही. बाटली डोळ्यांसमोर धरून, पाणी सपाट ठेवत, ढिगाला वळसा घालत. चार पावलं, थांबायचं, सहा श्वास. पुन्हा चार पावलं. बाई त्यांच्या मागे निघाल्या. उत्तरेच्या बाजूला खडी घसरत होती तिथे ते गुडघ्यावर आले, पण रेषा सोडली नाही.

पलीकडच्या बाजूनं वळताना त्यांनी मागे पाहिलं. सगळा गट पाठीमागून येत होता. हाही काही तरी उंचीवरचा उपाय असणार, तयारीच्या माणसानं सुरू केलाय तर मागे का राहा, असं समजून प्रत्येकानं आपापल्या बाटलीतलं अर्धं पाणी पिऊन टाकलं होतं आणि बाटली डोळ्यांसमोर आडवी धरली होती. चार पावलं, थांबा, सहा श्वास. फोटोवाले होते, वाटाड्या होता. सर्वांत शेवटी गटप्रमुख मेव्हणा होता आणि त्याच्याही हातात बाटली होती.

शेवटच्या वळणावर तो समोर दिसला. "भाऊजी," तो मागे वळून धापत म्हणाला, "हे... कशासाठी असतं?"

कंटूररावांना उत्तर द्यायला श्वास नव्हता आणि थांबायला सवड नव्हती. एकशे अडतिसाव्या पावलाला ते जिथून निघाले होते त्या दगडापाशी पोचले, आणि त्यांच्या पुढ्यात मेव्हण्याची पाठ आली, कारण तो शेवटी निघाल्यामुळे अजून तिथेच होता. त्यांनी हात लांब करून त्याच्या पाठपिशवीला बोट लावलं. कडं पूर्ण झालं. कुठेही तुटलं नव्हतं.